मास नदीच्या दक्षिण काठावर

रॉटरडॅम शहर मास नदीने दुभंगलेलं आहे. उत्तर काठावर जुनं शहर: नगरपालिका, बँका, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, नाट्यगृहं. दक्षिण काठावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शेतं, बांध आणि तुरळक घरं. 1872 मध्ये रॉटरडॅमहून थेट उत्तर समुद्राला जाणारा नवा जलमार्ग खुला झाला आणि चित्र पालटलं. जर्मनीच्या रुहर खोऱ्यातून बाहेर पडणारा आणि तिकडे जाणारा माल रॉटरडॅमवरून ये-जा करू लागला. उत्तरेला जागा पुरेना, म्हणून दक्षिणेला गोद्या खणल्या गेल्या. माल चढवायला-उतरवायला माणसं हवी होती. ती झीलंड, ब्राबांट आणि दक्षिण हॉलंडच्या बेटांवरून आली; शेतमजुरी सोडून, बायकापोरांसह. जुने रॉटरडॅमकर या काठाला 'शेतकऱ्यांची बाजू' म्हणत, आणि त्या म्हणण्यात कौतुक नव्हतं.

फेयेनूर्ड हे याच काठावरच्या एका वस्तीचं नाव. 19 जुलै 1908 रोजी इथल्या एका पबमध्ये काही तरुणांनी फुटबॉल क्लब काढला आणि देशाच्या राणीवरून त्याचं नाव ठेवलं 'विल्हेल्मिना'. पुढच्या चार वर्षांत नाव दोनदा बदललं आणि 1912 मध्ये वस्तीचंच नाव क्लबला मिळालं. अर्धा लाल, अर्धा पांढरा शर्ट आणि काळी चड्डी हा वेशही तेव्हाचाच. त्या काळी नेदरलँड्समध्ये फुटबॉल हा बव्हंशी सुखवस्तू घरांतल्या मुलांचा खेळ होता. नदीपलीकडचा स्पार्टा हा क्लब 1888 सालचा, आज देशात व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या क्लबांमध्ये सगळ्यांत जुना. त्याच्यापुढे गोदीवरच्या पोरांना कोण विचारणार? पण 1921 मध्ये फेयेनूर्ड सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचला आणि 1924 मध्ये देशाचा विजेता ठरला. 1928 मध्ये पुन्हा.

आज या क्लबच्या नावावर 16 राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. आम्सटरडॅमच्या आयाक्सकडे त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. नुसते करंडक मोजले तर फेयेनूर्ड हा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा क्लब ठरतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते त्याची खरी गोष्ट वेगळ्या ठिकाणी आहे. ती त्याच्या मैदानात आहे आणि त्या मैदानात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या माणसांत आहे. म्हणून आधी मैदानाकडे जाऊ.

1930 च्या आसपास क्लबचं जुनं मैदान अपुरं पडू लागलं होतं. अध्यक्ष होते लेन व्हान झांडव्लीट. 1931 मध्ये त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली: प्रेक्षकांच्या दोन कड्या, एकीवर एक, मैदानाला चारी बाजूंनी वेढणाऱ्या, वरची कडी अधांतरी, आणि मधे एकही खांब नाही. म्हणजे कुठल्याही जागेवरून, स्वस्तातल्या तिकिटावरूनसुद्धा, सगळं मैदान दिसलं पाहिजे. लंडनच्या हायबरी मैदानातले दुमजली स्टँड आणि न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम हे नमुने समोर होते, पण युरोपच्या भूमीवर असं काही कोणी उभारलेलं नव्हतं. आणि काळ होता जागतिक मंदीचा. गोदीत जहाजं कमी झाली होती, माणसं घरी बसली होती. अशा दिवसांत एका कामगार वस्तीतल्या हौशी क्लबने साठ हजारांहून जास्त माणसं मावतील असं मैदान बांधायचं ठरवलं. हे धाडस नव्हे तर काय?

काम दिलं ब्रिंकमन आणि व्हान देर फ्लुख्त या वास्तुविशारदांच्या जोडीला. रॉटरडॅममधला कॉफी, चहा आणि तंबाखूचा प्रसिद्ध व्हान नेले कारखाना यांचाच. काच, काँक्रीट आणि पोलाद यांचं ते काम आज जागतिक वारसा मानलं जातं. तीच भाषा त्यांनी मैदानासाठी वापरली. मंदीमुळे हे सामान स्वस्तात मिळत होतं, हाही हिशेब होताच. पैसा उभा करायला व्हान ब्युनिंगेन यांच्यासारखे बंदरातले बडे उद्योजक पुढे आले. मैदानासाठी वेगळी कंपनी काढली गेली आणि आजही मैदान त्या कंपनीच्याच मालकीचं आहे. 16 सप्टेंबर 1935 रोजी पायाचा पहिला खांब ठोकला तो पुक व्हान हेलने. हा त्या काळचा फेयेनूर्डचा आणि देशाचा लाडका खेळाडू. नेदरलँड्ससाठी तो 64 सामने खेळला आणि हा विक्रम पुढे चाळीस वर्षं कोणी मोडला नाही. दीड वर्षात काम झालं. 27 मार्च 1937 रोजी बेल्जियमच्या बेअरस्कॉट क्लबशी सामना खेळून मैदान खुलं झालं. फेयेनूर्डने तो 5-2 असा जिंकला. व्हान देर फ्लुख्त मात्र ते पाहायला राहिले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

अधिकृत नाव फेयेनूर्ड स्टेडियम. लोक म्हणतात 'दे काउप', म्हणजे टब. बाहेरून पाहिलं तर पोलादी सांगाडा उघडाच दिसतो. जिनेही बाहेरच्या अंगाने चढत जातात, काहीही झाकलेलं नाही. एखाद्या अर्धवट बांधलेल्या जहाजाजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. आत गेल्यावर मैदान अंगावर येतं इतकं जवळ. वरची कडी खालच्या कडीवर झुकलेली असल्याने आवाज बाहेर निसटत नाही, तिथेच घुमत राहतो. हजारो माणसं एका वेळी उड्या मारू लागली की पोलाद हलतं, आणि ते पायांना कळतं. पाहुण्या संघांतले खेळाडू या मैदानाबद्दल बोलतात ते हेच.

मैदान उभं राहिलं आणि तीन वर्षांत युद्ध आलं. 14 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले. पाव तासाच्या आसपास चाललेल्या त्या हल्ल्यात आणि नंतरच्या आगीत शहराचा मध्यभाग नाहीसा झाला, शेकडो माणसं गेली, सुमारे 80 हजार बेघर झाली. नदीच्या दक्षिणेला असलेलं दे काउप वाचलं. पुढे जर्मनांनी ते भंगारासाठी पाडायचा घाट घातला होता, तोही तडीस गेला नाही. पण नोव्हेंबर 1944 मध्ये या मैदानाने सगळ्यांत वाईट दिवस पाहिले. 10 आणि 11 तारखेला जर्मन सैन्याने शहराची नाकेबंदी करून घरोघर झडती घेतली आणि 17 ते 40 वयाचे सुमारे पन्नास हजार पुरुष वेठबिगारीसाठी धरून नेले. त्यांना जमवण्याच्या जागांपैकी एक जागा होती दे काउप. ज्या स्टँडमध्ये ते रविवारी सामना पाहायला बसत, तिथेच ते कुठे नेलं जाणार याची वाट बघत होते. अनेक जण परतले नाहीत. रॉटरडॅमच्या जुन्या घरांत या मैदानाविषयी बोलताना जो एक जडपणा येतो, तो इथून आलेला आहे.

युद्धानंतरचा डच फुटबॉल एका जुन्या नियमाला चिकटून बसला होता: खेळासाठी पैसे घ्यायचे नाहीत. फुटबॉल संघटना याबाबत कडक होती. चांगले खेळाडू फ्रान्सला किंवा इटलीला जात आणि गेले की देशाच्या संघाचे दरवाजे त्यांना बंद. हा बांध फोडला एका खऱ्याखुऱ्या पुराने. 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी 1953 च्या मधल्या रात्री समुद्र झीलंड आणि दक्षिण हॉलंडमध्ये शिरला. 1836 माणसं मेली. परदेशात खेळणाऱ्या डच व्यावसायिकांनी पूरग्रस्तांसाठी सामना खेळायचं ठरवलं. 12 मार्चला पॅरिसमध्ये त्यांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाला 2-1 असं हरवलं. घरचा हौशी राष्ट्रीय संघ तेव्हा हरण्यातच रमलेला होता. ज्यांना आपण बाहेर ठेवलं ते इतके चांगले आहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, व्यावसायिक फुटबॉलला परवानगी मिळाली आणि 1956 मध्ये एरेडिव्हिजी ही देशव्यापी लीग सुरू झाली.

फेयेनूर्डसाठी ही सुगी होती. साठ हजारांचं मैदान हाताशी असलेला क्लब तिकिटांच्या पैशावर खेळाडू घेऊ शकत होता. 1955 मध्ये त्यांनी शहरातल्याच झेर्झेस क्लबकडून 25 हजार गिल्डरना एक सडसडीत डावा विंगर घेतला, कून मौलाइन. मैदान आणि मौलाइन दोघंही 1937 सालचे. पुढची सतरा वर्षं तो तिथेच खेळला. चेंडू पायाशी घेऊन बचावपटूसमोर थांबायचं, एका बाजूला अंग झुकवायचं आणि तो हलला की निघून जायचं. सगळ्यांना माहीत असलेली ही चाल कोणालाच अडवता येत नसे. 1961 आणि 1962 मध्ये फेयेनूर्ड लागोपाठ विजेता झाला. त्या काळात आयाक्सविरुद्धचा एक सामना 9-5 असा संपला होता, यावरून खेळ किती मोकळा होता ते कळावं.

1963 च्या वसंतातली एक गोष्ट मला या क्लबच्या इतिहासात फार मोलाची वाटते, जरी त्यात पराभव आहे. फेयेनूर्ड युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि समोर होता लिस्बनचा, युसेबिओचा बेनफिका, आदल्या दोन्ही वर्षांचा युरोपविजेता. रॉटरडॅममधला सामना 0-0 सुटला. आता लिस्बनला जायचं. विमानप्रवास गोदीकामगाराला परवडण्याजोगा नव्हता. मग बंदरातल्या माणसांना जे सुचावं तेच सुचलं: जहाज. 'ग्रोटे बेअर' आणि 'वाटरमन' ही दोन जहाजं ठरवली गेली. युद्धानंतरच्या वर्षांत याच जहाजांनी हजारो डच कुटुंबं कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला कायमची नेऊन सोडली होती. धक्क्यावर निरोपाचं रडणं ऐकलेली ती जहाजं या वेळी लाल-पांढरे झेंडे लावून निघाली. बिस्केच्या उपसागरातून कित्येक दिवसांचा प्रवास, एका फुटबॉल सामन्यासाठी. फेयेनूर्ड 1-3 असा हरला. जहाजं परतली तेव्हा धक्क्यावर स्वागताला गर्दी होती. या पाठीराख्यांना लोक 'हेट लेखिऊन', म्हणजे फौज, म्हणतात. क्लबमध्ये 12 क्रमांकाचा शर्ट कोणत्याच खेळाडूला दिला जात नाही. तो या फौजेसाठी राखलेला आहे.

1969 मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून झाल्यावर क्लबने प्रशिक्षक आणला व्हिएन्नाचा एर्न्स्ट हाप्पेल. कमी बोलणारा, सदा सिगारेट ओढणारा, खेळाडूंकडून आज्ञापालनापेक्षा समज मागणारा माणूस. त्याच्या हाती आलेला संघ वरवर पाहता विजोड होता. मध्यभागी बचावाला 'इस्राएल आणि लासेरोम्स' ही दणकट जोडी. डावा बचावपटू व्हान डाउव्हनबोडे, ज्याला आयाक्सने 1969 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यातल्या पराभवानंतर मऊ ठरवून सोडलं होतं. पुढे स्वीडनचा ओव्हे किंडव्हाल, तीन वेळा लीगमधला सर्वाधिक गोल करणारा. आणि मधल्या फळीत तिघे: ऑस्ट्रियाचा हासिल, न थकता धावणारा विम यान्सन आणि विलेम व्हान हानेगेम.

व्हान हानेगेमवर जरा थांबायला हवं. तो झीलंडमधल्या ब्रेस्केन्स गावचा. सप्टेंबर 1944 मध्ये, तो काही महिन्यांचा असताना, गावावर झालेल्या बॉम्बवर्षावात त्याचे वडील आणि भावंडं गेली. फुटबॉल तो उशिरा शिकला. धावायला संथ, चाल वाकडी, पण डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तो असे पास द्यायचा की चेंडू बचावपटूला वळसा घालून नेमका सहकाऱ्याच्या पुढ्यात पडायचा. लोक त्याला 'वाकडा' म्हणायचे, प्रेमाने. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून हरल्यावर तो रडत मैदानाबाहेर गेला. त्याच्यासाठी तो फक्त सामना नव्हता, आणि ब्रेस्केन्सची हकीकत माहीत असलेल्या कोणालाही त्याचं कारण विचारावं लागलं नाही.

1969-70 च्या युरोपियन कपमध्ये पहिल्याच सामन्यात आइसलँडच्या संघाला 12-2 असं हरवून सुरुवात झाली. पुढे गाठ पडली गतविजेत्या मिलानशी. इटलीत 0-1 हार. रॉटरडॅममध्ये यान्सनने टाकलेला एक क्रॉस कोणालाही न लागता जाळ्यात गेला आणि उत्तरार्धात व्हान हानेगेमच्या हेडरने 2-0 झाले. पूर्व बर्लिनचा फोरवेर्ट्स आणि वॉर्साचा लेगिया यांनाही घरच्या मैदानावर 2-0 असंच संपवलं. तिन्ही वेळा परक्या मैदानावर फेयेनूर्डला गोल करता आला नव्हता आणि तिन्ही वेळा दे काउपने काम केलं. मैदानाला मी इतकं महत्त्व का देतो, ते या तीन निकालांत आहे.

अंतिम सामना 6 मे 1970, मिलानचं सान सिरो मैदान, समोर स्कॉटलंडचा सेल्टिक. सेल्टिकने 1967 मध्ये हा करंडक जिंकला होता आणि उपांत्य फेरीत लीड्सला दोन्ही सामन्यांत हरवलं होतं. सगळे त्यांच्याच बाजूने बोलत होते. सामन्याआधी हाप्पेलने एक कठोर निर्णय घेतला. हंगामभर खेळलेल्या तरुण एडी ट्राइटेलला बसवून त्याने 36 वर्षांच्या पीटर्स ग्राफलंडला गोलमध्ये उभं केलं. तिसाव्या मिनिटाला गेमेलच्या फटक्याने सेल्टिक पुढे गेला. दोनच मिनिटांत कर्णधार रिनुस इस्राएलने हेडरने बरोबरी साधली. त्यानंतर सामना हळूहळू फेयेनूर्डच्या मधल्या फळीने ताब्यात घेतला. सेल्टिकचे दोघे, यांचे तिघे. चेंडू कायम यांच्याकडे. तरी गोल होईना. जादा वेळ सुरू झाला, तोही संपत आला. 117 व्या मिनिटाला मैदानाच्या मध्याजवळून एक उंच चेंडू सेल्टिकच्या गोलकडे आला. त्यांचा कर्णधार मॅकनील मागे सरकता सरकता तोल जाऊन पडू लागला आणि पडताना चेंडू त्याच्या हाताला लागला. पंच लो बेल्लो यांनी शिट्टी वाजवली नाही. किंडव्हाल पोहोचला होताच. त्याने पायाच्या टोकाने चेंडू पुढे आलेल्या गोलरक्षकावरून उचलला. 2-1. नेदरलँड्सला पहिला युरोपविजेता मिळाला होता, आणि तो मास नदीच्या दक्षिण काठावरचा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात अर्जेंटिनाच्या एस्टुडिआन्टेसला हरवून फेयेनूर्डने इंटरकॉन्टिनेंटल कपही आणला. ब्युनोस आयर्समध्ये 2-2 झाल्यावर रॉटरडॅमला एकमेव गोल केला योप व्हान डालेने, चश्मा लावून खेळणाऱ्या एका बदली खेळाडूने. प्रतिस्पर्ध्यांनी रागाच्या भरात त्याचा चश्मा हिसकावून तुडवला. तो मोडका चश्मा रॉटरडॅमकरांच्या आठवणीत करंडकाइतकाच पक्का बसला आहे.

इथे एक तक्रार नोंदवतो. 'टोटल फुटबॉल'चा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक आयाक्स, त्याचे प्रशिक्षक मिखेल्स आणि खेळाडू योहान क्रायफपासून सुरुवात करतात. आयाक्सने 1971, 72 आणि 73 असे सलग तीन युरोपियन कप जिंकले, खेळ देखणा होता, त्यांचं कौतुक योग्यच. पण त्याच्या आधी फेयेनूर्डने तिघांची मधली फळी, पुढे येऊन दाबणं आणि सामूहिक बचाव यांनी युरोप जिंकून दाखवला होता. 1970 च्या वसंतात फेयेनूर्डशी खेळताना मधली फळी कमी पडते हे पाहून मिखेल्स यांनी आपली रचना बदलली, असं जाणकार सांगतात. 1974 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू करणाऱ्या डच अकरांत तिघे फेयेनूर्डचे होते: व्हान हानेगेम, यान्सन आणि राइसबेर्खेन. हाप्पेलने पुढे 1978 मध्ये नेदरलँड्सला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि 1983 मध्ये हॅम्बुर्गसोबत युरोपियन कप जिंकून, दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर तो जिंकणारा पहिला प्रशिक्षक होण्याचा मान मिळवला. हा धागा आम्सटरडॅमच्या झगमगाटात हरवू नये.

1974 मध्ये टॉटनहॅमला हरवून यूएफा कप मिळाला आणि मग उतार लागला. दहा वर्षं लीग नाही. 1983 मध्ये कोणी कल्पना करणार नाही असं घडलं: आयाक्सने वय झालं म्हणून करार वाढवला नाही, तेव्हा योहान क्रायफ थेट फेयेनूर्डला आला. दे काउपमध्ये काहींनी त्याचं स्वागत शिट्ट्यांनी केलं. सप्टेंबरमध्ये आम्सटरडॅमला फेयेनूर्ड 2-8 असा हरला तेव्हा हा प्रयोग फसला असंच सगळ्यांना वाटलं. पण 36 वर्षांच्या क्रायफच्या शेजारी एकवीस वर्षांचा रुड गुलिट होता. परतीचा सामना 4-1 असा जिंकला गेला आणि हंगामाअखेर लीग आणि कप दोन्ही रॉटरडॅमला आले. क्रायफ तिथेच निवृत्त झाला.

पुन्हा उतार. 1990 च्या सुमारास मुख्य प्रायोजक कंपनीच बुडाली आणि क्लब तिच्याबरोबर बुडायच्या बेतात आला. योरिएन व्हान देन हेरिक यांच्या अध्यक्षपदाच्या काळात तो सावरला. 1993 मध्ये व्हान हानेगेम प्रशिक्षक असताना आणि 1999 मध्ये बेनहाकर असताना लीग जिंकली. 1994 मध्ये दे काउपची मोठी दुरुस्ती झाली, सगळीकडे खुर्च्या आल्या, वर छप्पर आलं. मूळ सांगाडा मात्र तोच ठेवला.

8 मे 2002. यूएफा कपचा अंतिम सामना योगायोगाने दे काउपमध्येच ठरलेला होता आणि फेयेनूर्ड त्यात पोहोचला होता, समोर डॉर्टमुंड. दोनच दिवस आधी, 6 मे रोजी, रॉटरडॅमचे राजकारणी पिम फॉर्टाउन यांची गोळ्या घालून हत्या झाली होती. त्यांच्या मतांवरून देश दुभंगलेला होता, पण शांत नेदरलँड्समध्ये निवडणुकीच्या तोंडावर एका नेत्याचा खून होतो या धक्क्याने सगळेच हादरले होते. शहरात फुलांचे ढीग साचत होते. अशा संध्याकाळी सामना झाला. पिएर व्हान होइडोंकने आधी पेनल्टी, मग फ्री किकवर गोल केला. त्याची फ्री किक त्या वर्षी युरोपभर धास्तीची गोष्ट होती. उत्तरार्धात टोमासनने तिसरा घातला. डॉर्टमुंडने दहा खेळाडूंनिशी दोन परत केले, पण सामना 3-2 असा फेयेनूर्डचा झाला. मैदानात अठरा वर्षांचा एक रॉटरडॅमचाच मुलगा होता, रॉबिन व्हान पर्सी. जल्लोष झाला, पण तो नेहमीचा नव्हता; लोक एकाच रात्री रडत आणि गात होते. त्यानंतरच्या वीस वर्षांत कोणत्याही डच क्लबला युरोपीय करंडक मिळाला नाही.

या फौजेची दुसरी बाजू लपवणं खोटेपणाचं होईल. 1997 मध्ये बेव्हरवाइकजवळ महामार्गालगत फेयेनूर्ड आणि आयाक्सच्या टोळ्या ठरवून भिडल्या आणि एका आयाक्स समर्थकाचा जीव गेला. फ्रान्समधल्या नान्सी शहरात पाठीराख्यांनी केलेल्या दंगलीनंतर 2007 मध्ये फेयेनूर्डला यूएफा कपमधून हाकललं गेलं. 2009 पासून या दोन क्लबांच्या सामन्यांना पाहुण्या पाठीराख्यांना प्रवेशच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये आम्सटरडॅममध्ये फेयेनूर्डची 3-0 अशी आघाडी असताना सामना थांबवावा लागला, कारण आयाक्सचे लोक मैदानात पेटते फटाके फेकत होते. उरलेला सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला. जी निष्ठा जहाजाने लिस्बनला जाते तीच निष्ठा विषारी होऊ शकते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि दोन्ही क्लबांनी यावर करायचं बरंच बाकी आहे.

24 ऑक्टोबर 2010 रोजी आइंडहोवनला पीएसव्हीने फेयेनूर्डला 10-0 असं हरवलं. कर्जाने क्लब इतका वाकला होता की डच संघटनेने त्याला आर्थिक देखरेखीखाली ठेवलं होतं. नवे खेळाडू घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा 'फेयेनूर्डचे मित्र' नावाने काही धनिक पाठीराख्यांनी भागभांडवल घालून क्लब तगवला आणि संघ भरला तो व्हार्केनूर्ड या स्वतःच्या अकादमीतल्या मुलांनी. हा इलाज नाइलाजाने केलेला होता, पण 2014 मध्ये विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या डच संघात दे फ्राय, मार्टिन्स इंडी, क्लासी, विनाल्डम, यानमाट आणि व्हान पर्सी असे व्हार्केनूर्डमध्ये घडलेले कितीतरी जण होते.

2017 मध्ये अठरा वर्षांचा दुष्काळ संपला. शेवटून दुसऱ्या सामन्यात शहरातल्याच छोट्या एक्सेल्सिअरकडून 0-3 हरून फेयेनूर्डने सगळ्यांचा श्वास अडकवला. शेवटच्या सामन्यात हेराक्लेसविरुद्ध 36 वर्षांच्या कर्णधार डर्क काउटने पहिल्याच मिनिटाला गोल केला, मग आणखी दोन, आणि तीनच दिवसांनी निवृत्ती जाहीर केली. तो दिवस 14 मे होता. 2023 मध्ये प्रशिक्षक आर्ने स्लॉटच्या संघाने गो अहेड ईगल्सला 3-0 हरवून सोळावं विजेतेपद पक्कं केलं, तोही दिवस 14 मे. शहर जळालं ती तारीख. रॉटरडॅममध्ये हे कोणाला सांगावं लागत नाही.

मधली काही वर्षं मासच्या काठावर नवं, अधिक मोठं स्टेडियम बांधायचा बेत चालू होता. खर्च फुगत गेला, बऱ्याच पाठीराख्यांनी विरोध केला आणि 2022 मध्ये तो बेत गुंडाळला गेला. जुन्या मैदानात साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. तिकिटांची कमाई कमी पडते, सुविधा जुन्या आहेत, हे आक्षेप खरे आहेत. तरीही मला हा निर्णय बरोबर वाटतो. मोठ्या क्लबांचे पैसे फेयेनूर्डकडे कधीच येणार नाहीत, नव्या स्टेडियमनेही नाही. उलट कर्जाचा डोंगर पुन्हा उभा राहिला असता. जे मैदान मंदीत उभं राहिलं, युद्धातून वाचलं आणि ज्याने मिलानलाही नमवलं, ते दुरुस्त करून वापरणंच या क्लबच्या हिताचं आहे.